विनाकारण टब

उमादेवींचे गुडघे ठणठणीत होते, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच होतं.

साठीला टेकलेल्या बाईचे गुडघे दुखत असते तर लातुरातल्या कुठल्याही बऱ्या घरानं तिला मागेल ते आणून दिलं असतं. मालिशची खुर्ची, केरळचं तेल, उंच कमोड, जिन्याला स्टीलचा कठडा. गुडघे ही आमच्याकडच्या बायकांना मिळालेली एकमेव अधिकृत सवलत आहे. पण उमादेवी गच्चीवरचे पापड आणायला जिना असा चढायच्या की खालच्या माणसाला वाटावं, वर कुणीतरी चोर शिरलाय. आणि अशा बाईला घरात हॉट टब हवा होता.

हे खूळ आलं हैदराबादहून. उमादेवींचं माहेर बिलोलीकडचं. भावाच्या मुलीचं लग्न हैदराबादच्या एका हॉटेलात होतं. हळदीच्या वेळी नवरीची आत्या सापडेना. सून दामिनी शोधत शोधत खोलीत गेली, तर सासूबाई बाथरूममधल्या बुडबुडे येणाऱ्या गरम पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसलेल्या, डोळे मिटून.

"अत्या, सगळे शोधून राहिलेत. तुम्ही काय करून राहिल्या इथं?"

"काईच न्हाई करून राहिले," उमादेवी डोळे न उघडता म्हणाल्या.

दामिनी नांदेडची, एम.कॉम. झालेली. आम्ही त्यांच्याच कॉलनीत राहतो; तिनं पुढे मला सांगितलं की लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंच्या तोंडून हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

लातूरला परतल्यावर उमादेवींनी जेवताना विषय काढला. नवरा गुरुपादप्पा मार्केट यार्डात तूर-सोयाबीनची आडत चालवतात. ते कडक भाकरी मोडत होते.

"मला एक टब घ्यायचा हाय."

"गंजगोलाईच्या बाजारात मिळतंय की. लाल घेऊ नको, रंग जातंय."

उमादेवींनी मोबाइल पुढे धरला. फोटोत चार गोरी माणसं वाफाळत्या पाण्यात बसून काचेचे पेले उंचावत होती. गुरुपादप्पांनी भाकरी ताटात ठेवली.

"हे कशाला?"

"बसायला."

"बसायला सोफा हाय."

इथं गुरुपादप्पांना कंजूष समजायचं कारण नाही. त्यांच्या घरात वस्तू भरपूर होत्या, पण प्रत्येक वस्तू कारण घेऊन आत आली होती. मोठी गाडी आली ती कपिलधारच्या यात्रेला सगळं कुटुंब एकत्र जावं म्हणून. कपिलधारला ती एकदा गेली, औसा रोडच्या ढाब्यांवर दर शनिवारी जाते. भिंतीएवढा टीव्ही आला तो प्रवचनं नीट दिसावीत म्हणून, आणि त्यावर क्रिकेट फार स्पष्ट दिसतं. एसी आला तो हंगामात मालकाची झोप झाली नाही तर भाव चुकतात म्हणून. माणसानं काहीही घ्यावं, पण यार्डात चारचौघांनी विचारलं तर सांगायला कारण असावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

"गुडघ्यासाठी म्हण," ते म्हणाले. त्यांच्या बाजूनं हा मोठाच उदारपणा होता. "डॉक्टरनं सांगितलं म्हणायचं, गरम पाण्यात बसा. विषय संपला. मीच उद्या चौकशी करतो."

"माझे गुडघे बरे हायत."

"मला माहीत हाय. लोकांना कुठं माहीत हाय?"

"मला बसू वाटतंय म्हणून घ्यायचा हाय."

"असं कुणी घेतंय का?"

"मी घेऊन राहिले की."

पैशाचा मुद्दा काढायची सोय नव्हती. माहेरच्या जमिनीतून मोठा रस्ता गेला तेव्हा भावांनी रीतीप्रमाणे हक्कसोडपत्र तयार करून, साडी-चोळीसकट बहिणीसमोर ठेवलं होतं. उमादेवींनी साडी घेतली, चोळी घेतली, आणि सही केली नाही. तो हिस्सा त्यांच्या नावावर बँकेत होता. गुरुपादप्पांनी तेव्हा बायकोच्या बाणेदारपणाचं यार्डभर कौतुक केलं होतं. आता त्यांना ते जरा घाईचं वाटू लागलं.

मग मुलाला पुढे करण्यात आलं. श्रीशैल घरं बांधायचं काम करतो, त्याचा शब्द शास्त्रीय धरला जातो. रविवारी सकाळी तो आईसमोर खुर्ची ओढून बसला.

"अव्वा, असली वस्तू घ्यायच्या आधी विचार करायच्या गोष्टी असतात."

"सांग की."

"पहिलं म्हणजे वजन. पाणी भरलं, वर माणूस बसला, की गच्चीवर किती लोड येतो तुला कल्पना न्हाई."

"वर ज्या काळ्या टाक्या हायत, त्यात काय कापूस भरलाय?"

लातूरच्या गच्च्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा युक्तिवाद समजावून सांगायला नको. इथं माणसं खाली राहतात आणि वर टाक्या राहतात. टाक्यांची वस्ती जास्त दाट आहे.

"त्यातलीच एक टाकी आडवी केली अन् झाकण काढलं, असं समज," उमादेवी म्हणाल्या. "अन् स्लॅब टाकताना तूच म्हणाला होतास, वर आणखी दोन मजले चढतेत."

श्रीशैलनं तरी वर जाऊन पाहिलं. नकाशे काढले, टेप लावली. किल्लारीच्या भूकंपानंतर लातुरात घर बांधणारा माणूस लोखंड हात राखून टाकत नाही, आणि गुरुपादप्पांनी तर स्वतः उभं राहून दुप्पट टाकून घेतलं होतं. स्वयंपाकघरावरचा कोपरा टबाला अगदी योग्य निघाला. आपलंच बांधकाम मजबूत निघाल्याचं दुःख झालेला तो लातुरातला पहिला बिल्डर असावा.

"दुसरं, वीज. ह्याला जाड वायर लागते, थ्री फेज लागतंय."

"माझं मिरची कांडप होतं तेव्हाचा मीटर हाय तसाच हाय. तुझी फी त्याच्यावर भरली."

"बोअरचं पाणी खारं हाय. हीटरला क्षार धरतील, सहा महिन्यांत जळंल."

"मग नळाचं भरू."

"साफसफाई? त्याची जाळी धुवावी लागते, पाणी तपासावं लागतंय."

"तुझी लंगोटं अन् दुपटी मी धुतली. जाळीचं काय सांगतोस."

"अन् मे महिन्यात? बेचाळीस असताना गरम पाण्यात बसणार?"

"हीटर बंद करीन."

 या शक्यतेचा विचार श्रीशैलनं वाचलेल्या माहितीत कुणी केला नव्हता.

खरा प्रश्न मात्र कुणीच विचारत नव्हतं. तो शेवटी गुरुपादप्पांनी विचारला, तोही पेपर वाचत, पेपरालाच विचारल्यासारखा.

"काय घालून बसतात त्यात?"

"गाऊन."

"शेजारच्या गुरुजींच्या गच्चीवरून सगळं दिसतंय."

"मग गुरुजींनी बघू नये."

तरी तिन्ही बाजूंनी हिरवी शेडनेट लावायचं ठरलं. हा गुरुपादप्पांचा एकमेव विजय, आणि ती शेडनेट उमादेवींनी आधीच आणून ठेवलेली होती.

एक उपाय अजून उरला होता. लिंगायत घरांत पूजेला येणाऱ्या वीरभद्र स्वामींपुढे गुरुपादप्पांनी शंका मांडली. गळ्यात इष्टलिंग असताना बाईमाणसानं असं साठलेल्या पाण्यात तासभर बसून राहणं योग्य आहे का? स्वामींनी डोळे मिटून बराच विचार केला. मग म्हणाले, रोज आंघोळ करताना गळ्यातच असतं की, अप्पा. पाणी उभं असो की बसलेलं. नंतर जाता जाता त्यांनी दारात चप्पल घालत विचारलं, "ह्याच्यात लहान साइज येतंय का हो? एका माणसापुरतं?"

टब आला तेव्हा औसा रोडमागची आमची सगळी कॉलनी बाहेर आली होती. क्रेननं तो उचलला, विजेच्या तारांच्या वरून वळवला आणि गच्चीवर अलगद ठेवला. रंग करडा, आकार चौकोनी, गोल कोपऱ्यांचा. कॉलनीनं त्याचं नाव तिथल्या तिथं ठेवलं: कढई.

"कढई आली म्हणं तुमच्याकडं," असं यार्डात पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं आणि गुरुपादप्पांच्या तोंडून जे निघायचं ते निघालं. मालकिणीच्या गुडघ्यांचं फार झालंय. चालवत नाही. डॉक्टरांनी पाण्याचा उपचार सांगितलाय.

सहानुभूतीचा पूर आला. एका व्यापाऱ्यानं सोलापूरच्या सर्जनचा नंबर दिला. दुसऱ्यानं एरंडाची पानं पाठवली. उदगीरहून गुरुपादप्पांच्या थोरल्या बहिणीनं आपल्या दिवंगत यजमानांचा वॉकर एसटीच्या पार्सलनं पाठवला आणि त्या फोनवर रडल्या. उमादेवींनी वॉकर उन्हात ठेवला आणि त्यावर टॉवेल वाळत घातले. उंची अगदी बरोबर होती.

आणि मग मडिवाळप्पा गुरुजी आले.

गुरुजी म्हणजे शेजारचे, ज्यांच्या गच्चीवरून दिसतं ते. हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर त्यांनी कॉलनीचं पाणी आपल्या देखरेखीखाली घेतलं. कुणाच्या घरासमोर ओलं दिसलं की ते उभं राहून बघत, नुसते बघत. तेवढं पुरे असे. त्यांच्यासोबत कॉलनीतले आणखी दोघे होते, ज्यांचं काम मान हलवण्याचं होतं.

"शरणू शरणार्थी, अप्पा. बसतो जरा." गुरुजी बसले. "विषय नाजूक आहे. या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. विसरलो का आपण? आजही नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. अशा गावात गच्चीवर तलाव बांधून त्यात बसायचं, हे शोभतं का?"

"गुरुजी, उपचाराचं हाय ते," गुरुपादप्पा घाईनं म्हणाले. "गुडघे. लई दिवसांचं."

गुरुजींचा चेहरा लगेच मऊ झाला. "असं होय. मग प्रश्नच मिटला. आजारी माणसाला पाणी नको म्हणणारे आपण कोण? आम्हाला वाटलं, चैनीसाठी आहे."

दोघांनी मान हलवली. प्रकरण तिथं मिटलं होतं. चहा येत होता. पण चहा घेऊन येत होत्या उमादेवी, आणि ट्रे दोन्ही हातांत धरून त्या उंबरा ओलांडून अशा आल्या की गुडघ्यांविषयी बोलणाऱ्याला लाज वाटावी.

"माझे गुडघे बरे हायत, गुरुजी. चैनीसाठीच हाय."

त्यांनी पहिला कप गुरुजींपुढे ठेवला.

"उमाक्का," गुरुजी वर्गात बोलतात तसं म्हणाले, "रेल्वेचं पाणी आलं तेव्हाचे दिवस आठवा. घागरी घेऊन माणसं रांगेत उभी होती."

"मी होते की रांगेत. तुमच्या पंचफुलाक्का माझ्याम्होरं होत्या. तुमी नव्हता."

गुरुजी उठले. जाताना त्यांनी गुरुपादप्पांना एवढंच सांगितलं, की आजाराला कॉलनीची ना नाही, पण दुसरं काही असेल तर आम्हाला महापालिकेत जाऊन बोलावं लागेल.

पाहुणे गेल्यावर गुरुपादप्पा पहिल्यांदाच खरे चिडले. "मी मिटवलं होतं. तुला तेवढं गप बसता आलं न्हाई?"

"खोटं कशाला बोलायचं?"

"खोटं न्हाई ते. रीत हाय." ते येरझाऱ्या घालू लागले. "ऐक. घरच्या टाकीतलं पाणी आजाराला देता येतंय, चैनीला न्हाई. टँकरबी माझ्या दारात उभा राहणार न्हाई. ज्या दिवशी तू चारचौघांत म्हणशील गुडघ्यासाठी हाय, त्या दिवशी मी स्वतः पाईप लावून भरून देतो."

"बरं," उमादेवी म्हणाल्या.

टब कोरडा राहिला. कबुतरांनी त्याच्या कडेवर मीटिंगा घ्यायला सुरुवात केली. उमादेवी रोज वर जाऊन तो ओल्या फडक्यानं पुसत आणि खाली येत. गुरुपादप्पा पेपराआडून बघत. त्यांना खात्री होती की एक शब्द बोलायला कुणाला फार दिवस लागत नाहीत.

दामिनीलाही तसंच वाटत होतं. एका दुपारी ती सासूबरोबर वर गेली.

"अत्या, म्हणून टाका ना. एक शब्द तर आहे. मी नाही का म्हणत डोकं दुखतंय? दुपारी झोपायचं असलं की मी तेच म्हणते. कुणाचं काय जातं?"

"मला माहीत हाय तुझं डोकं," उमादेवी म्हणाल्या. "तू झोपलीस की मीच कुकरची शिट्टी काढून ठेवते."

दामिनी कानापर्यंत लाल झाली.

उमादेवी टबाच्या कडेवर बसल्या. "माझ्या सासूला खाटेवर झोपायचं होतं. त्या वेळी बायका खालीच झोपायच्या. मग तिनं म्हणलं, कंबर दुखती. खाट मिळाली. पण मग उठताना कण्हायचं, बसताना कण्हायचं. लग्नाला बोलावणं आलं तर कंबर म्हणून जायचं न्हाई. तिला जत्रंला जायची लई हौस. पण कंबर दुखणारी बाई जत्रेत फिरती का? शेवटी शेवटी तिला खरंच कळंना, दुखतंय का न्हाई." त्यांनी फडकं पिळलं. "एकदा दुखतंय म्हणलं की रोज दुखवून घ्यावं लागतंय, दामिनी. मी उद्या गुडघे म्हणलं तर परवा जिना बंद. मग बाजार बंद. मग तो वॉकर. मला एक टब पाहिजे म्हणून मी माझे पाय देऊ का ह्यांना?"

 खाली आल्यावर दामिनी झोपायला निघाली तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, डोकं दुखतंय का? "नाही," ती म्हणाली, "झोप आलीय," आणि जाऊन झोपली. गुरुपादप्पांनी पेपर खाली ठेवला. घरात साथ पसरत असल्याचं त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं.

मग पाण्याचा दिवस आला.

लातुरात "आज पाणी हाय" हे शब्द सणाच्या सुरात म्हटले जातात. पण या सणाची एक रीत आहे आणि ती बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो विश्वास ठेवत नाही. नवं पाणी यायच्या आधी जुनं फेकायचं. आठ-दहा दिवस जपून जपून, तांब्यातांब्यानं वापरलेलं, झाकून ठेवलेलं पाणी नळाला धार लागल्याबरोबर शिळं होतं. त्यात दोष काही नसतो. काल रात्री ते प्यायलेलं असतं. पण ताजं आलं की शिळं ओतायचं. पिंपं उपडी होतात, हंडे उपडे होतात, अंगण धुतलं जातं, रस्ता धुतला जातो, मोटारसायकली धुतल्या जातात, आणि ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावच्या नाल्या दुथडी वाहतात. मग सगळे ताजं पाणी भरतात आणि पुढचे दिवस टंचाईवर बोलतात.

उमादेवी दोन बादल्या घेऊन फाटकाबाहेर आल्या. शेजारीच गुरुजींचं अंगण होतं. त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई एका हातानं कंबर आणि एका हातानं पिंप धरून ते कलंडवायच्या बेतात होत्या. त्यांचे गुडघे खरोखरच गेलेले. गुरुजी पाईप धरून गाडीच्या चाकांवर धार मारत होते.

"पंचफुलाक्का, थांबा. ते पाणी ओतून देणार का?"

"शिळं हाय की ते, उमाक्का."

"मला द्या मग."

"ते कशाला?"

"टबात टाकते."

पंचफुलाबाईंनी पिंपाकडे पाहिलं, नालीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. गुरुजींच्या हातातला पाईप चालूच होता. पाणी चाकावरून रस्त्यावर, रस्त्यावरून नालीत, नालीतून महापालिकेच्या हद्दीबाहेर चाललं होतं.

"गुरुजी," उमादेवी शांतपणे म्हणाल्या, "हे नालीत चाललंय ते मी घेतलं तर गावाचं काई कमी होणार हाय का?"

गुरुजींनी पाईप बंद केला. शिक्षकी पेशात त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते, पण तेव्हा उत्तरं पुस्तकाच्या मागे असत. ते आत गेले आणि पेपर घेऊन बसले.

बादल्यांनी काम होणार नव्हतं हे पंचफुलाबाईंनीच सांगितलं. "मोटर लावू की. आमची टिल्लू हाय." नळाचं पाणी ओढणारी ही लहान मोटर लावू नये, असं गुरुजी कॉलनीत घरोघर सांगत फिरत. त्यामुळे त्यांच्या घरी ती आहे हे कॉलनीला नव्यानंच कळलं. मोटर जिन्याखालून, पोत्यात गुंडाळलेली निघाली. पाईप गच्चीवर गेला. दामिनीनं वरच्या तोंडाला जुनं सुती पातळ चौपदरी बांधलं. पिंप रिकामं झालं. मग पलीकडच्या घरातून हाक आली, आमचं बी घ्या, हौद धुवायचाच आहे. मग त्याच्या पलीकडून. मान हलवणाऱ्या दोघांच्याही घरचं पाणी आलं. त्या दिवशी आमच्या गल्लीतली नाली, मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा, पाण्याच्या दिवशी कोरडी होती.

गुरुपादप्पा यार्डातून आले तेव्हा गुरुजींच्या घरातून निघालेला पाईप त्यांच्याच भिंतीवरून वर चढत होता. घरच्या टाकीतला एक थेंब गेला नव्हता. टँकर दारात नव्हता. त्यांनी घातलेल्या सगळ्या अटी पाळल्या गेल्या होत्या आणि टब भरला होता. त्यांनी जेवणात काही खोट काढता येते का पाहिलं. जेवण चांगलं होतं.

उमादेवींनी पाण्यातून तुरटी फिरवली, विक्रेत्यानं दिलेलं औषध टाकलं, हीटर लावला आणि झाकण ओढलं. एवढं पाणी तापायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी दुपार कलता कलता वर गेल्या तेव्हा झाकणाच्या फटीतून वाफ येत होती.

ज्यांनी ज्यांनी पाणी दिलं होतं त्या सगळ्या बायका आपलं पाणी बघायला गच्चीवर आल्या. हे नातं कुणी ठरवलं नव्हतं, पण होतं. उमादेवी खाली स्वच्छ आंघोळ करून, फुलाफुलांचा गाऊन घालून आल्या. पायरीवर पाय ठेवून, कठडा न धरता, आत उतरल्या आणि मानेपर्यंत बसल्या. बटन दाबलं. बुडबुडे आले. कुणीतरी म्हणालं, आमच्या घरचं पाणी ते डावीकडचं. हसणं झालं.

गुरुपादप्पा जिन्याच्या वरच्या वळणावर उभे होते. वर यावं तर बायका, खाली जावं तर हार. शेडनेटच्या फटीतून शेजारची गच्ची दिसत होती. तिथं गुरुजी आपली टाकी वाजवून पाणी किती आहे ते बघत होते. पाणी टाकीत काठोकाठ होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

पंचफुलाबाई कशाबशा जिना चढून आल्या होत्या आणि कडेला स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी बोटं पाण्यात घातली आणि तिथंच राहू दिली.

"उमाक्का," त्या हळूच म्हणाल्या, "माझे तर खरंच दुखतेत. उपचार म्हणून मी जरा बसले तर? ह्यात आमचंबी पाणी हाय."

"उपचारासाठी असंल तर न्हाई," उमादेवी म्हणाल्या.

 पंचफुलाबाईंनी बोटं बाहेर काढली.

"गुडघ्याला डॉक्टर हायत, अक्का. मी येते तुमच्यासंगं, उद्याच जाऊ. पण हितं बसायचं असंल तर बसू वाटतंय म्हणून बसा. मग कवाबी या, रोज या."

"तेच की झालं."

"तेच न्हाई."

पलीकडच्या गच्चीवरून आवाज आला. "अगं, उपचार म्हणून बसलीस तर माझी काही हरकत नाही." गुरुजींनी टाकी वाजवणं थांबवलं होतं. "तुला खरंच त्रास आहे. लोक समजून घेतील."

"मी इतके दिवस तेच सांगून राहिलो," जिन्यातून गुरुपादप्पा म्हणाले.

पंचफुलाबाईंनी एकदा शेडनेटकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे. त्यांच्या चाळीसेक वर्षांच्या संसारात दोन पुरुषांनी एकाच वेळी त्यांना परवानगी दिल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. उठायला वेळ लागला, कुणी मदत केली नाही, कारण तसं काही करायची ही वेळ नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

"दुखतेत ते दुखू द्या," त्या म्हणाल्या, आणि आवाज पलीकडच्या गच्चीवर जाईल एवढा काढला. "मला बसू वाटून राहिलंय."

आणि गाऊन आणायला घरी निघाल्या. जिन्यात गुरुपादप्पा उभे होते. एका वेळी एक पायरी, भिंत धरून उतरणारी बाई आणि तेवढाच रुंद जिना. क्षणभर दोघेही थांबले. मग गुरुपादप्पा पोट आत ओढून कठड्याला चिकटले आणि त्यांनी वाट दिली.

"झाकण ओढून ठेवा, उमाक्का," खालून पंचफुलाबाई म्हणाल्या. "मी येईस्तोवर वाफ जाईल."